मुद्रादोष आणि रॉक गाणाऱ्या बायका

आरोही

नाशिकला मी ज्या बाईंकडे गाणं शिकले, त्यांच्या खोलीत पेटीच्या समोर एक हातभर आरसा टांगलेला होता. गाणाऱ्या मुलीने त्यात बघत गायचं. भुवई वर गेली, ओठ एका बाजूला ओढला गेला, मानेची शीर ताठ झाली की बाईंचं बोट पट्टीवर थांबायचं आणि त्या एवढंच म्हणायच्या, "मुद्रा." म्हणजे मुद्रादोष, गाताना चेहरा वेडावाकडा होणं. मध्यमा परीक्षेपर्यंतची सगळी तयारी त्या आरशासमोर झाली. तार षड्ज लावताना चेहरा हलू द्यायचा नाही हे अंगात इतकं मुरलंय, की आजही स्वयंपाक करताना गुणगुणत असले आणि कपाळाला आठी पडली तर मला ती लगेच जाणवते.

२००६ मध्ये मी पुण्यात हॉस्टेलवर होते. शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या कॉम्प्युटरवर माँटरे पॉप फेस्टिव्हलच्या माहितीपटातला एक तुकडा होता. जून १९६७, कॅलिफोर्निया. चोवीस वर्षांची जॅनिस जॉप्लिन 'बॉल अँड चेन' गातेय. गाणं मूळ बिग मामा थॉर्नटन यांचं, संथ ब्लूज. जॅनिस सुरुवात अगदी हळू करते, आणि मग तो चेहरा! डोळे घट्ट मिटलेले, कपाळ आक्रसलेलं, तोंड वाकडं, मान मागे, केस तोंडावर. बाईंच्या आरशात यातली एकही गोष्ट चालली नसती. आणि मला मात्र त्या पाच-सहा मिनिटांत पहिल्यांदा असं वाटलं, की आपण आवाज ऐकत नाही आहोत, तो कुठून निघतोय ते बघतो आहोत. मध्येच प्रेक्षकांत बसलेल्या कॅस एलियट दिसतात, 'ममाज अँड द पापाज'च्या. स्वतः एवढ्या मोठ्या गायिका, आणि तोंड उघडं टाकून नुसतं "वॉव" म्हणतायत.

या चित्रीकरणामागची हकीगत मला फार आवडते. जॅनिस आणि तिचा बँड, बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी, खरं तर शनिवारीच गाऊन गेले होते. पण त्यांच्या मॅनेजरने चित्रीकरणाला नकार दिला होता, त्यामुळे ते गाणं कॅमेऱ्यात आलंच नाही. ऐकणारे वेडे झाले होते. म्हणून रविवारी त्यांना परत स्टेजवर आणलं आणि या वेळी माहितीपटाचे दिग्दर्शक पेनेबेकर यांच्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं. आपण बघतो ते रविवारचं गाणं. शेवटी ती स्टेजवरून लहान मुलीसारखी उड्या मारत आत पळते. पुढे तीन वर्षं आणि काही महिने. ४ ऑक्टोबर १९७० ला ती गेली, सत्ताविसाव्या वर्षी.

हे सगळं आपल्याला वेगळं का वाटतं यावर मी बराच विचार केला आहे. आपण पार्श्वगायनावर वाढलो. पडद्यावर जी बाई गाते ती गात नसते, आणि जी गाते ती पडद्यावर नसते. आवाज तार सप्तकात जातो तेव्हा नायिका झाडाला टेकून मंद हसत असते. गाण्याच्या कष्टाचा चेहरा आपण पाहिलेलाच नाही. त्यामुळे गाणारीचाच चेहरा, गातानाचा, इतक्या जवळून दिसणं हे माझ्यासाठी तरी नवीन होतं.

आता ज्यांच्यासाठी हा धागा काढला त्यांच्याकडे येते. अ‍ॅन विल्सन, बँडचं नाव 'हार्ट'. अ‍ॅन गाते, धाकटी बहीण नॅन्सी गिटार वाजवते. मूळच्या सिएटलकडच्या, पहिला अल्बम कॅनडात केला. १९७७ च्या सुमाराचं त्यांचं 'क्रेझी ऑन यू' तूनळीवर (यूट्यूबवर) बघा. नॅन्सी एकटी अकूस्टिक गिटारवर सुरुवात करते, बोटं दिसेनाशी होतात. मग अ‍ॅन. ती उभी राहते पाय रोवून, आणि वरच्या सुरांना जबडा असा काही उघडते की त्या क्षणी ती सुंदर दिसतेय की नाही हा प्रश्नच उरत नाही. त्याच वर्षीचं 'बॅराकुडा' तर सरळ रागातून आलेलं गाणं आहे. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने जाहिरातीत असं सुचवलं होतं की या दोघी बहिणी एकमेकींच्या प्रेयसी आहेत. एका कार्यक्रमानंतर एक माणूस तेच हसत हसत अ‍ॅनला विचारायला आला. ती हॉटेलवर गेली आणि तिने गाण्याचे शब्द लिहून काढले.

आणि आता १९८७ चं 'अलोन' बघा. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं, आवाज तोच, किंबहुना आणखी भरलेला. पण अ‍ॅनचं वजन वाढलं होतं आणि ते दिसू नये अशी व्यवस्था त्या काळातल्या त्यांच्या व्हिडिओंमध्ये सगळीकडे आहे. ती अंधारात, काळ्या कपड्यांत, गळ्यापासून वर. कॅमेरा थांबतो तो नॅन्सीवर. अ‍ॅन स्वतः याबद्दल पुढे मोकळेपणाने बोलली आहे. त्यात व्हिडिओसाठी नुसते ओठ हलवायचे असतात, म्हणून ध्रुवपदाला सूर जेव्हा एकदम वर झेप घेतो तेव्हा तिचा चेहरा जवळजवळ शांत. ज्या सुराला माणसाचं सगळं शरीर लागतं, तो शांत चेहऱ्याने! मला ते बघताना बाईंचा आरसा आठवतो आणि वाईट वाटतं.

तर तुमच्या आवडत्या गायिका आणि त्यांचे व्हिडिओ इथे सांगा. साठ, सत्तर, ऐंशीचं दशक. दिसायला कशा होत्या ते नको. गाताना चेहऱ्याचं, हातांचं, मानेचं काय होतं ते लिहा.

काळाघोडा

आरोहीताई, धागा फार मनापासून लिहिला आहे. मी तुमच्या आधीच्या पिढीतला, मुंबईचा. आमच्याकडे चेहरे नव्हतेच. ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट आणायची, कव्हरवर काडेपेटीएवढा फोटो, बाकी सगळं कानांवर. बॉनी टायलर यांचं 'टोटल इक्लिप्स ऑफ द हार्ट' मी आठ-नऊ वर्षं नुसतं ऐकलं. व्हिडिओ पाहिला तो केबल आल्यावर, १९९२ च्या आसपास, शेजाऱ्यांकडे.

तो व्हिडिओ रसेल मल्काही यांचा, १९८३ चा. इंग्लंडमध्ये सरेला हॉलोवे सॅनेटोरियम म्हणून जुनं गॉथिक धाटणीचं रुग्णालय होतं, तिथे केलेला. वाऱ्याने उडणारे पडदे, मेणबत्त्या, चमकणाऱ्या डोळ्यांची मुलं. खरं सांगू? मला तो पसारा आवडला नाही. माझ्या मनातल्या आवाजाभोवती एवढी गर्दी नव्हती.

त्या आवाजाची गोष्ट मात्र सांगतो. सत्तरच्या दशकात त्यांच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या, शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. एके दिवशी वैतागून त्या ओरडल्या, आणि ती खरखर कायमची राहिली. त्याच खरखरीवर पुढे 'इट्स अ हार्टेक' चाललं.

मंद्र

मी शास्त्रीय गातो आणि शिकवतो. धाग्यातला मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुद्रादोष काढायचा तो केवळ दिसायला वाईट म्हणून नाही. जबडा आवळला, जीभ मागे ओढली गेली, मानेचे स्नायू ताणले की आवाजाला वाट मिळत नाही. तुमच्या बाई बरोबरच होत्या. पण चेहऱ्याची प्रत्येक हालचाल दोष नसते. पं. भीमसेन जोशी गाताना त्यांचे हात, चेहरा, सगळं शरीर गात असे, आणि त्या तानेला कुठे अडथळा होता? अडवणारी हालचाल वेगळी आणि वाट करून देणारी वेगळी.

तुम्ही म्हणता म्हणून अ‍ॅन विल्सन यांचं १९७७ चं गाणं काल रात्री चार वेळा पाहिलं. वरच्या सुराला त्यांचा जबडा खाली पडतो, पुढे येत नाही. खांदे वर जात नाहीत. दमसास पोटातून. त्यात दोष नाही. जॉप्लिन यांचं वेगळं आहे. तिथे गळा आवळलेला आहे, एका वेळी दोन-दोन सूर फुटल्यासारखे ऐकू येतात, आणि त्या ते जाणूनबुजून करतात कारण गाणं तेच मागतं. माझ्या शिष्येने तसं गायलं तर मी थांबवीन. जॉप्लिन यांना थांबवलं नसतं.

पॅट बेनटार यांच्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. त्यांचं सुरुवातीचं शिक्षण पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाचं. ते त्यांच्या स्वर फेकण्यात स्पष्ट दिसतं. रॉक गातानाही स्वराची कड स्वच्छ.

लोकल८४७

पॅट बेनटार! १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं तेव्हा दुसराच व्हिडिओ त्यांचा होता, 'यू बेटर रन'. म्हणजे त्या वाहिनीवर दिसलेली पहिली गायिका. गिटारवर नील जिराल्डो, पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. २०२२ मध्ये दोघं एकत्रच रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेले.

न्यूजर्सीकर

मला थोडा विरोध नोंदवायचा आहे, ग्रेस स्लिक यांच्या वतीने.

त्यांच्या जेफरसन एअरप्लेन बँडचं 'व्हाइट रॅबिट', १९६७. अडीच मिनिटांचं गाणं. खाली ड्रमवर बोलेरोची चाल, ती चढत जाते आणि आवाज तिच्याबरोबर पायरी पायरीने वर. एकदाही खाली उतरायचं नाही, ध्रुवपद नाही, शेवटाला टोक. ऑगस्ट १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवातलं बघा. रात्रभर खोळंबून त्यांची पाळी आली रविवारी सकाळी. पांढरे कपडे, झोप नाही, समोर लाखो माणसं. आणि त्या बाईंचा चेहरा जवळपास हलत नाही! डोळे समोर लावलेले. ताकद सगळी आवाजात आणि त्या नजरेत. कॅमेऱ्याकडे बघतात तेव्हा मलाच नजर खाली घ्यावीशी वाटते.

तेव्हा चेहरा वाकडा झाला म्हणजेच गाणं खरं, असं नका म्हणू. तुमच्या बाईंच्या आरशात ग्रेस स्लिक पूर्ण गुणांनी पास झाल्या असत्या.

त्यांच्याबद्दल आणखी एक. १९८७ मध्ये, स्टारशिप बँडमध्ये असताना, 'नथिंग्ज गॉना स्टॉप अस नाऊ' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या. तोवर त्या यादीत एवढ्या वयाची बाई पहिल्या क्रमांकावर गेली नव्हती. तो विक्रम गायिका शेर (Cher) यांनी १९९९ मध्ये 'बिलीव्ह'ने मोडला.

आरोही

न्यूजर्सीकर, मान्य. वुडस्टॉकची चित्रफीत आज सकाळी पुन्हा पाहिली. मी धाग्यात "शांत चेहरा" म्हणजे लपवलेला आवाज असं समीकरण मांडलं, ते चुकलं. ग्रेस स्लिक यांचा चेहरा शांत आहे कारण त्यांनी तसा ठेवलाय. 'अलोन'मध्ये अ‍ॅनचा शांत आहे कारण ती त्या क्षणी गात नाहीये. हा फरक मला लिहायला हवा होता.

मंद्रदादा, "अडवणारी आणि वाट करून देणारी", हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

खिडकीपाशी

जोन जेट. 'आय लव्ह रॉक अँड रोल', १९८२. अमेरिकेत सात आठवडे पहिला क्रमांक. त्याआधी २३ कंपन्यांनी तिला नकार दिला होता, म्हणून तिने स्वतःची कंपनी काढली. व्हिडिओ कृष्णधवल आहे ना, तो मुळात रंगीत होता. तिने लाल रंगाचा चामडी पोशाख घातला होता आणि पडद्यावर तो तिला पसंत पडला नाही, मग सगळा रंगच काढला. आपण कसं दिसायचं ते तिने ठरवलं. अ‍ॅनला ते ठरवू दिलं नाही. मला वाटतं खरा प्रश्न इथे आहे.

आणि 'प्रिटेंडर्स' बँडची क्रिसी हाइंड! 'ब्रास इन पॉकेट'मध्ये ती उपाहारगृहात वेट्रेस आहे, बँडचे बाकीचे गिऱ्हाईक. गाण्यात एवढा आत्मविश्वास आणि चेहऱ्यावर ती आशा, की कोणीतरी आपल्याकडे बघेल. शेवटी सगळे निघून जातात, ती तिथेच. ओठच हलवलेत, तरी मला तो चेहरा खोटा वाटत नाही.

तिसरीघंटा

मी नाटकवाली, त्यामुळे खिडकीपाशी यांच्या शेवटच्या वाक्याला धरून बोलते. ओठ हलवणं म्हणजे लबाडी नव्हे, तो अभिनय आहे आणि तो चांगला किंवा वाईट असू शकतो.

टीना टर्नर, 'व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट', १९८४. त्यात काय आहे? एक बाई न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून चालते. डेनिमचं जाकीट, चामड्याचा स्कर्ट, केसांचा तो मोठा पिंजारलेला टोप. बस. पण चालणं बघा. टाच आधी पडते, वजन पूर्ण त्या पायावर येतं, मग दुसरा पाऊल. कुठेही घाई नाही. ४४ वर्षांची ही बाई आठ वर्षांपूर्वी मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून डलासच्या हॉटेलातून निघाली तेव्हा तिच्याजवळ ३६ सेंट होते. घटस्फोटात तिने पैसे मागितले नाहीत, नाव मागितलं. टीना टर्नर हे नाव. त्या चालण्यात मला ते सगळं दिसतं, आणि त्यासाठी तिला त्या क्षणी खरं गायची गरज नाही.

प्रत्यक्ष गाताना बघायचं असेल तर १९७१ च्या सुमाराचं 'प्राउड मेरी' आहेच. सुरुवातीला संथ, बोलल्यासारखं, आणि मग तो वेग. नाचत असताना श्वास कुठे ठेवते देव जाणे. मी तालमीत मुलांना दाखवते.

रात्रपाळी

दोन दिवस वाट बघतोय कोणी स्टीव्ही निक्सचं नाव घेतं का. शेवटी मीच घेतो. लांबेल, सांभाळून घ्या.

त्यांच्या फ्लीटवुड मॅक बँडचा 'रूमर्स' हा अल्बम फेब्रुवारी १९७७ मध्ये आला. बँडमध्ये त्या वेळी दोन जोडपी फुटत होती. स्टीव्ही निक्स आणि लिंडसी बकिंगहॅम हे एक, क्रिस्टीन आणि जॉन मॅकव्ही हे दुसरं. सगळे एकमेकांबद्दल गाणी लिहीत होते आणि ती एकमेकांनाच वाजवायला, गायला लागत होती. स्टीव्हीने लिंडसीबद्दल 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' लिहिलं. मेरिलंडमधल्या एका रस्त्यावरच्या पाटीवर तिने सिल्व्हर स्प्रिंग हे नाव वाचलं होतं. गाणं लांब आहे म्हणून अल्बममधून काढलं गेलं. ते टाकलं कुठे, तर 'गो युअर ओन वे'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला. म्हणजे लिंडसीने तिच्याबद्दल लिहिलेल्या गाण्याच्या पाठीवर! तिला ते फार लागलं.

वीस वर्षं गेली. १९९७, 'द डान्स' नावाचा कार्यक्रम, बरबँकच्या स्टुडिओत, बँड पुन्हा एकत्र. त्यात हे गाणं आहे. स्टीव्ही काळ्या कपड्यांत, माइकच्या दांड्यासमोर. पहिली दोन-तीन मिनिटं सगळं जपून, मऊ. मग ती वळते. प्रेक्षकांकडे पाठ नाही, पण तोंड लिंडसीकडे. माइक घट्ट धरलेला, आणि ती त्याच्याकडे बघत गाते, आवाज फाटेपर्यंत. तो गिटार वाजवत साथ देतोय आणि तिच्याकडे बघतोय. नजर सोडत नाही दोघंही. पन्नाशीला टेकलेली दोन माणसं.

मी रात्रपाळी करतो. पहाटे तीन-साडेतीनला काम शांत असतं तेव्हा हे गाणं किती वेळा पाहिलं असेल याचा हिशेब नाही. चेहऱ्याबद्दल लिहा म्हणालात म्हणून सांगतो, ती वळते तेव्हा हनुवटी थोडी वर जाते. भांडणात समोरच्याला "ऐक" म्हणताना जाते तशी.

क्रिस्टीन मॅकव्ही याच कार्यक्रमात कीबोर्डच्या मागे बसलेल्या दिसतात. अत्यंत शांत आवाज, काहीही न दाखवता गाणाऱ्या. ३० नोव्हेंबर २०२२ ला त्या गेल्या. त्यांच्यावर कोणीतरी स्वतंत्र धागा काढा.

लोकल८४७

रात्रपाळी, प्रतिसादाची वाचनखूण साठवली. आता बघितलं. हनुवटी खरंच वर जाते.

मंद्र

एक भर घालतो, कारण या गायिकेला बरीच वर्षं चेहराच मिळाला नव्हता.

पिंक फ्लॉइडचं 'द ग्रेट गिग इन द स्काय', १९७३. शब्द नाहीत, नुसता आकार, चारेक मिनिटं. आपल्याकडच्या माणसाला ते आलापासारखं जवळचं वाटतं. ते क्लेअर टॉरी यांनी जानेवारी १९७३ मध्ये, एका रविवारी अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत गायलं, मानधन ३० पौंड. काय गायचं ते कोणी सांगितलं नव्हतं, नुसते सूर दिले होते. वरच्या सगळ्या जागा त्यांच्या स्वतःच्या. तरी रचनाकार म्हणून नाव नाही. पुढे त्या कोर्टात गेल्या, २००५ मध्ये तडजोड झाली, तेव्हापासून रचनाकारांत त्यांचं नाव लागतं.

तर हा आवाज प्रत्यक्ष गाताना बघायचा असेल तर ३० जून १९९० चा इंग्लंडमधल्या नेबवर्थचा कार्यक्रम शोधा. पिंक फ्लॉइडबरोबर तेच गाणं क्लेअर टॉरी स्वतः गातायत. त्यांचे हात बघा. सूर चढताना हात त्याला वाट दाखवत असतो. मी माझ्या विद्यार्थिनींना सांगतो तेच.

शिवाय १९९४ चं लंडनच्या अर्ल्स कोर्टचं चित्रीकरण आहे, 'पल्स'. तिथे हेच एक गाणं तिघीजणी वाटून घेतात, सॅम ब्राउन, दुर्गा मॅकब्रूम आणि क्लॉडिया फॉन्टेन. एका बाईने एकदा, न ठरवता गायलेलं आता तिघींना मिळून पेलावं लागतं. (दुर्गा हे अमेरिकेतल्या गायिकेचं खरं नाव आहे, हो.)

काळाघोडा

मंद्र, ३० पौंडांचं मला ठाऊक नव्हतं. १९७८ पासून ती तबकडी माझ्याकडे आहे. आज कव्हर पुन्हा काढून बघितलं. गायिका म्हणून नाव आहे, बारीक अक्षरांत.

आरोही

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी सांगायच्या होत्या.

पहिली, अ‍ॅन विल्सनबद्दलच, कारण तिला मी 'अलोन'च्या अंधारात सोडून आले होते. डिसेंबर २०१२, वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर. लेड झेपेलिन या बँडचा सन्मान होता. त्यांचं 'स्टेअरवे टू हेवन' गायला हार्टच्या या दोघी बहिणी आल्या. ड्रमवर जेसन बोनम, म्हणजे लेड झेपेलिनच्या दिवंगत ड्रमवादकाचा मुलगा. मागे पडदा उघडतो तर मोठं गायकवृंद, डोक्यावर त्याच्या वडिलांसारख्या गोल हॅट घातलेलं. लेड झेपेलिनचे गायक रॉबर्ट प्लांट वर बसून ऐकतायत आणि त्यांचे डोळे भरून आलेत. अ‍ॅन ६२ वर्षांची आहे. पूर्ण उजेडात, पूर्ण उभी दिसते. शेवटच्या भागात आवाज वर जातो तेव्हा तिचा जबडा पुन्हा तसाच खाली येतो, १९७७ सारखा. कोणी काही लपवत नाही.

दुसरी गोष्ट. परवा नाशिकला गेले होते, बाईंना भेटले. त्या आता ८१ च्या आहेत, शिकवणं थांबलंय, आरसा अजून तिथेच आहे. मी फोनवर जॅनिसचं माँटरे लावलं आणि त्यांच्या हातात दिलं. काही बोलले नाही. त्यांनी पूर्ण ऐकलं, फोन डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. मी "मुद्रा" म्हणण्याची वाट बघत होते.

संपल्यावर त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "परत लाव गं. ही श्वास कुठे घेते ते मला दिसलं नाही."

तिसरीघंटा

मग? दुसऱ्यांदा दिसला?

आरोही

तिसऱ्यांदा. बोट ठेवून दाखवलं त्यांनी, "हे इथे, पाय उचलते तेव्हा."